शेजारच्या खाटेचे काय?



मिस्साहेतूंच्या यादीत काही वेळा दोन ओळी एकाखाली एक येतात. पहिली ओळ असते, 'ऑपरेशन यशस्वी होऊन आयसीयूतून सुखरूप घरी आल्याबद्दल देवाचे आभार'. तिच्याखालची ओळ असते, 'मृतात्म्याच्या चिरशांतीसाठी'. दोन्ही कुटुंबे चर्चमध्ये चार बाकांच्या अंतरावर बसलेली असतात. कधी कधी तर दोघांचीही माणसे एकाच आठवड्यात एकाच अतिदक्षता विभागात असतात आणि दोघींच्या घरची माणसे बाहेरच्या बाकड्यावर शेजारी बसून एकत्र रोजरी म्हणत असतात. एकीचा नवरा घरी येतो. दुसरीचा येत नाही. मिस्सा संपल्यावर पहिली भगिनी भरल्या डोळ्यांनी म्हणते, "फादर, देवानेच वाचवले हो!" ते शब्द दुसरीच्या कानावर पडतात. तिने त्यातून काय समजायचे?

हा प्रश्न तोंडाने फार कमी जण विचारतात. विचारला तर श्रद्धा कमी असल्यासारखे वाटेल, अशी भीती असते. पण मनात तो असतोच, आणि बरे होऊन घरी आलेल्यांच्या मनातही असतो. "आमच्या शेजारच्या खाटेवरचा पोरगा गेला हो फादर, आमच्या म्हाताऱ्यापेक्षा किती लहान होता," असे सांगताना माणसे आवाज खाली घेतात. आपले माणूस वाचल्याचा आनंद त्यांना पुरतेपणी करता येत नाही.

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आपल्या कानावर नेहमी येतात. पहिले उत्तर धार्मिक लोकांचे: त्यांची श्रद्धा कमी पडली, प्रार्थना कमी पडली, किंवा घराण्यात काही पाप असेल. दुसरे उत्तर शिकल्या-सवरल्या तरुणांचे: यात देवाचा काय संबंध? एकाचा आजार हाताबाहेर गेला होता, दुसऱ्याचा नव्हता. एकाला वेळेवर डॉक्टर मिळाला, दुसऱ्याला नाही. बाकी सारे मनाचे खेळ. पहिले उत्तर शोक करणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक धोंडा ठेवते. दुसरे उत्तर आभार मानणाऱ्याच्या तोंडातला घास काढून घेते. या दोन्हींवाचून तिसरी वाट आहे का, याचा आज आपण थोडा विचार करू.

दाराबाहेरचे घर

ज्यांच्या घरातले कुणी अतिदक्षता विभागात राहिलेले आहे, त्यांना तिथली रीत सांगायला नको. आत जायला सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ, तोही एकाच माणसाला. चपला बाहेर, हात धुवायचे, तोंडाला मास्क. आत आपले माणूस नळ्यांमध्ये झोपलेले. हृदयाचे मोठे ऑपरेशन झाले असेल तर पहिले काही तास श्वासही यंत्रच देत असते. रुग्ण पुरता शुद्धीवर आला, स्वतःच्या बळावर श्वास घेऊ लागला, की मग घशातली नळी काढतात. त्यानंतरही पाहरा असतोच: रक्तदाब टिकतो का, लघवी किती झाली, ताप चढतो का, जंतूंचा संसर्ग तर नाही ना. कित्येकदा बरा होत असलेला माणूस मध्येच भ्रमिष्टासारखे बोलू लागतो, घरच्यांना ओळखत नाही, नळ्या ओढतो, आणि नातेवाईक घाबरून जातात. मोठ्या आजारात आणि औषधांच्या भारात असा भ्रम पुष्कळांना होतो, आणि बहुतेकांचा तो काही दिवसांत ओसरतो.

आयसीयूतले बरे होणे हे असे असते. एखाद्या दिवशी पडदा उघडावा आणि सारे लख्ख दिसावे, असे तिथे घडत नाही. आज एक नळी निघते, उद्या दुसरी परत घालावी लागते. डॉक्टर "सुधारणा आहे" म्हणतात आणि त्याच दमात "पण सांगता येत नाही" म्हणतात. बाहेर बसलेल्यांचे सारे जगणे या दोन वाक्यांच्या मध्ये अडकलेले असते.

आणि बाहेर एक घर तयार होते. कागलचे कुटुंब, गडहिंग्लजचे कुटुंब, रत्नागिरीहून घाट चढून आलेले कुटुंब. जात, धर्म, पैसा सगळे वेगळे. पण दुसऱ्या दिवसापासून एकमेकांचा डबा खाल्ला जातो, एकमेकांचा मोबाईल चार्जिंगला लावला जातो, एक जण औषधे आणायला गेला की दुसरा त्याच्या नावाचा पुकारा ऐकायला कान देऊन बसतो. एकाच्या रुग्णाची नळी निघाली की सगळ्यांना चहा मिळतो. एखाद्या पहाटे आतून कुणाला तरी बोलावणे येते, ते कुटुंब उठून आत जाते आणि परत बाकड्यावर येऊन बसत नाही. उरलेले लोक त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहतात. आपला प्रश्न इथे, या बाकड्यावर जन्माला येतो. पुस्तकात तो नंतर जातो.

हातांनी दिलेला श्वास

अतिदक्षता विभाग ही गोष्ट फार जुनी नाही. तिची सुरुवात कशी झाली, हे आपल्या प्रश्नासाठी जाणून घेण्यासारखे आहे.

१९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. ज्यांच्या श्वासाचे स्नायू लुळे पडत, ते गुदमरून जात. तिथल्या ब्लेगडॅम रुग्णालयात सुरुवातीच्या आठवड्यांत असे ३१ रुग्ण आले आणि त्यांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावण्यात आले. ऑगस्टच्या अखेरीस मरणाच्या दारात असलेल्या १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवण्यात आली, इब्सेन यांनी नळीला रबरी पिशवी जोडली आणि ती पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसात हवा भरली. मुलगी वाचली आणि पुढे कित्येक वर्षे जगली. पण आता दुसऱ्या साऱ्या रुग्णांसाठी रात्रंदिवस पिशव्या दाबायच्या कुणी? पुरेशी यंत्रे नव्हती. तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी पुढे आले. सुमारे दीड हजार मुलामुलींनी पाळ्या लावून, महिनोन्महिने, खाटेशेजारी बसून आपल्या हातांनी अनोळखी माणसांना श्वास दिला. ८० टक्क्यांच्या वर गेलेले मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर आले. पुढच्याच वर्षी, १९५३ च्या डिसेंबरात, इब्सेन यांनी अशा रुग्णांसाठी कायमचा वेगळा विभाग उभा केला. जगभरच्या आयसीयूंची सुरुवात साधारणपणे तिथून मोजतात. आज जे काम व्हेंटिलेटर करतो, ते आधी कुणाच्या तरी दुखणाऱ्या बोटांनी केलेले आहे.

आता सांगा, त्या मुलीला कुणी वाचवले? देवाने, की डॉक्टरने, की पिशवी दाबणाऱ्या मुलांनी?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या जातीच्या प्रश्नाचा उलगडा केला आहे. त्यांच्या मते देव हे प्रथम कारण आणि सृष्टीतल्या वस्तू व माणसे ही दुय्यम कारणे. या दोहोंत वाटणी नसते; इतके काम देवाचे, उरलेले माणसाचे, असा हिशेब तिथे चालत नाही. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर गुऱ्हाळाचे घ्या. गूळ कुणी केला? चुलवणातल्या जाळाने की गुळव्याने? जाळ नसता तर रस उकळला नसता, आणि काहील नेमकी केव्हा उतरवायची हे गुळव्याला कळले नसते तर गूळ जळला असता. ढेप पाहून कुणी म्हणत नाही की बारा आणे जाळाचा आणि चार आणे गुळव्याचा. सगळा गूळ जाळाचा आहे आणि सगळा गूळ गुळव्याचा आहे. दृष्टान्त अर्थातच अपुरा आहे, कारण गुळव्याने जाळ निर्माण केलेला नसतो, आणि देवाने मात्र सर्जनच्या हातातले कौशल्यही दिलेले असते.

म्हणून "देवाने वाचवले" म्हणणाऱ्या भगिनीने भूलतज्ज्ञाला, रात्रपाळीच्या सिस्टरला, फरशी पुसणाऱ्या मावशीला विसरण्याचे कारण नाही. आणि "डॉक्टरने वाचवले" म्हणणाऱ्या तरुणाने देवाला रजा देण्याचेही कारण नाही. दुसऱ्या सोप्या उत्तराचे एवढ्याने निभावते. पहिले उत्तर मात्र अधिक चिवट आहे.

प्रार्थना मोजायच्या का?

आपल्याच कोल्हापुरातली एक बातमी पुष्कळांना आठवत असेल. २०२४ च्या डिसेंबरात एका वयस्कर गृहस्थांना हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यात ते मृत झाल्याचे सांगण्यात आले. ॲम्ब्युलन्सने घरी नेत असताना गाडी एका गतिरोधकावरून आदळली आणि घरच्यांना त्यांच्या हाताची बोटे हलताना दिसली. गाडी दुसऱ्या रुग्णालयाकडे वळवली, अँजिओप्लास्टी झाली आणि सुमारे दोन आठवड्यांनी ते स्वतःच्या पायांनी घरी आले. गावभर लोक हसले, रडले आणि गतिरोधकाला नमस्कार केला! त्या घराने देवाचे आभार मानले असतील तर ते योग्यच केले. पण त्याच रस्त्यांवरून, तशाच गतिरोधकांवरून आजवर कितीतरी गाड्या गेल्या आहेत. आत बसलेल्या बायकामुलांनी हाताकडे टक लावून पाहिलेले आहे, आणि बोट हललेले नाही. त्यांचे प्रेम कमी होते का?

दुसरे उदाहरण साऱ्या देशाला ठाऊक आहे. जुलै १९८२ मध्ये बेंगळुरूला 'कुली' चित्रपटाच्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांच्या पोटाला मार बसला आणि आतडे फाटले. तिथल्या सेंट फिलोमिनाज या मिशन रुग्णालयात ऑपरेशन झाले, नंतर त्यांना मुंबईला ब्रीच कँडी रुग्णालयात हलवण्यात आले. २ ऑगस्टला त्यांची नाडी लागेना. डॉक्टरांनी शेवटचा उपाय म्हणून इंजेक्शने देणे चालू ठेवले होते. दाराशी उभ्या असलेल्या जया बच्चन यांना त्यांच्या पायाचा अंगठा हललेला दिसला आणि त्यांनी तो डॉक्टरांना दाखवला. २४ सप्टेंबरला ते घरी परतले. त्या दोन महिन्यांत देशभर मंदिरांत, मशिदींत, गुरुद्वारांत आणि आपल्या चर्चमध्येही त्यांच्यासाठी प्रार्थना झाल्या, लोक अनवाणी चालले, उपास केले. चित्रपटात नायक मरणार होता. तो शेवटही दिग्दर्शक मनमोहन देसाई यांनी बदलला.

लोकांच्या या प्रेमाची टिंगल करण्याचे कारण नाही. परंतु यावरून 'एवढ्या लोकांनी प्रार्थना केली म्हणून देवाने ऐकले' असा निष्कर्ष काढला, तर त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. मग प्रार्थना म्हणजे मतदान झाले. ज्याच्या बाजूने लाखो हात जोडलेले, तो निवडून आला. मग त्याच महिन्यात एखाद्या सरकारी दवाखान्यात पडलेल्या ऊसतोड मजुराचे काय? त्याच्यासाठी प्रार्थना करणारी एकटी त्याची आई. असा मतदार मोजणारा देव प्रभू येशूने आपल्याला शिकवलेला नाही. मंदिरात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेकडे ज्याचे लक्ष गेले, तो बेरीज करून दान ठरवत नव्हता.

'आमची प्रार्थना अधिक कळकळीची होती' हा दुसरा निष्कर्ष तर याहून कठीण. गेथशेमानीच्या बागेत प्रभूने घाम गाळून प्रार्थना केली. दुःखाचा प्याला टळावा म्हणून केली, आणि पित्याच्या इच्छेवर सोपवून केली. प्याला टळला नाही. ती प्रार्थना कळकळीत कमी होती, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

पेत्र सुटला, याकोब मारला गेला

पवित्र शास्त्राने हा प्रश्न झाकून ठेवलेला नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा बारावा अध्याय घरी उघडून वाचा. अध्यायाच्या सुरुवातीलाच हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने ठार मारतो. एका वाक्यात ते सारे संपते. त्यानंतर तो पेत्राला पकडतो. ख्रिस्तमंडळी पेत्रासाठी एकाग्रतेने प्रार्थना करते, देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. पेत्र योहान मार्कच्या आईच्या घरी जाऊन दार ठोठावतो आणि रुदा नावाची मुलगी आनंदाच्या भरात दार उघडायचेच विसरून आत धावत जाते.

याकोबासाठी मंडळीने प्रार्थना केली नसेल का? तो तर प्रभूच्या अगदी निकटच्या तिघांपैकी एक. याइराच्या मुलीच्या खाटेशी, रूपांतराच्या डोंगरावर आणि गेथशेमानीत पेत्राच्या बरोबरीने होता. त्याची आई प्रभूला ओळखत होती. आपल्या दोन्ही मुलांना राज्यात उजव्या-डाव्या बाजूला बसव, असे तिने मागितले होते, आणि प्रभू क्रुसावर असताना ती दुरून पाहत होती. ती तेव्हा हयात असेल आणि पेत्र सुटल्याची बातमी तिच्यापर्यंत गेली असेल, तर तिने काय केले असेल? शास्त्र सांगत नाही. पण एवढे नक्की की पेत्र सुटला म्हणून आनंद करणारी मंडळी तीच होती, जी याकोबासाठी रडत होती. तिने याकोबाची श्रद्धा कमी ठरवली नाही आणि पेत्राची सुटका लपवलीही नाही. दोन्ही गोष्टी एकाच अध्यायात लिहून ठेवल्या.

बेथेस्दा तळ्याकाठीही असेच. तिथल्या ओसऱ्यांत आंधळे, लंगडे, लुळे असे पुष्कळ लोक पडलेले होते. आजच्या भाषेत बोलायचे तर भरलेला वॉर्ड. प्रभूने त्यांच्यापैकी एकालाच, ३८ वर्षे आजारी असलेल्याला उठवले. तो इतरांपेक्षा चांगला होता, असे योहान कुठेही म्हणत नाही. आणि शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे चिरडली गेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती का, या प्रश्नावर प्रभूने स्पष्ट शब्दांत नकार दिला. पहिल्या सोप्या उत्तराला त्याने स्वतःच दार बंद केले आहे.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. लाजर कबरेतून बाहेर आला, पण पुढे तोही कधीतरी मेलाच. बेथेस्दाचा माणूस, याइराची मुलगी, नाईनच्या विधवेचा मुलगा, सगळे गेले. तुरुंगातून सुटलेला पेत्रही पुढे रोममध्ये मारला गेला. आयसीयूतून परत आलेल्या माणसाला मरणातून सूट मिळालेली नसते, त्याला वेळ मिळालेला असतो. त्या वेळेचे काय करायचे, हे त्याच्याकडे सोपवलेले असते.

आभार कोणत्या शब्दांत?

मग ती भगिनी "देवाने वाचवले" म्हणते, ते चूक की बरोबर? आमच्या मते शब्द बरोबर आहेत. त्यांच्या पोटात काय दडले आहे ते तपासायला हवे. 'देवाने मला दिले' हे एक वाक्य आहे. 'देवाने तुला सोडून मला निवडले' हे दुसरे वाक्य आहे. पहिले वाक्य माझ्या ओंजळीत काय पडले ते सांगते आणि तिथेच थांबते. दुसरे वाक्य शेजाऱ्याच्या रिकाम्या ओंजळीबद्दलही बोलते, आणि तो अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. मजुरी मिळाली तर माणूस शेजाऱ्याची मजुरी विचारतो, कामाचे तास मोजतो. दान मिळाले तर असे मोजता येत नाही, कारण ते माझ्या कामाचे फळ नव्हतेच. जी गोष्ट मी कमावलेली नाही, ती शेजाऱ्याला मिळाली नाही म्हणून तो माझ्यापेक्षा कमी ठरत नाही.

यासाठी आम्ही एक साधी कसोटी सुचवतो. शेजारच्या खाटेवर ज्याने प्राण सोडला, त्याच्या आईसमोर उभे राहून, मान खाली न घालता आणि तिचीही मान खाली न जाता म्हणता येईल, असे आभार मानावेत. "देवाने आमच्या पदरात टाकले, आम्ही काही फार मोठे लागून गेलो नव्हतो, तुमच्या लेकराची आठवण आम्हाला रोज येते" हे तिच्यासमोर म्हणता येते. "आमची नोव्हेना फळाला आली" हे तिच्यासमोर म्हणता येत नाही, कारण तिनेही नोव्हेना केली होती.

कुणी म्हणेल, फादर, यानेही 'का' सुटत नाही. एकाला दिले आणि दुसऱ्याला का नाही? खरे आहे, सुटत नाही. ईयोबाचे मित्र त्याला भेटायला आले, तेव्हा पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढे त्यांचे वागणे चांगले होते. तोंड उघडून कारणे सांगू लागले तेव्हा ते चुकले, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला. तत्त्वज्ञानाचा अभ्यास माणसाला पुष्कळ प्रश्न सोडवायला शिकवतो; कुठे गप्प बसायचे हेही त्यानेच शिकवावे.

ज्या घरात दुसऱ्या ओळीचा मिस्साहेतू आला आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. काही जणांना हे टोचत असते की डॉक्टरांनी आता यंत्राने काही साधणार नाही असे सांगितले आणि आपण होकार दिला. म्हणजे आपणच आशा सोडली का? पोप पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांसमोर बोलताना हे स्पष्ट केले आहे की जीव टिकवण्यासाठी साधारण उपाय करणे हे आपले कर्तव्य आहे, पण असाधारण, रुग्णाला व घराला न पेलणारे उपाय चालू ठेवण्याची सक्ती नाही. जाणूनबुजून जीव घेणे ही एक गोष्ट आणि येणाऱ्या मरणापुढे हात जोडणे ही अगदी वेगळी गोष्ट. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ९ मार्च २०१८ च्या निकालात असे उपाय थांबवण्याला कायद्याची वाट करून दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची पद्धत अधिक सुटसुटीत केली. नीट विचारपूस करून, डॉक्टरांवर विश्वास ठेवून, प्रेमाने दिलेला होकार म्हणजे श्रद्धेचा पराभव नव्हे. तुमची प्रार्थनाही वाया गेलेली नाही. तिने तुमच्या माणसाला शेवटपर्यंत एकटे पडू दिले नाही.

आभारांचे पुढे काय?

१९८२ च्या त्या आजारपणात अमिताभ बच्चन यांना सुमारे २०० रक्तदात्यांचे रक्त चढवले गेले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्यांपैकी एकाच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू होता. तो त्यांच्या यकृतात गुपचूप काम करत राहिला आणि साधारण २००० साली कळले की ७५ टक्के यकृत निकामी झाले आहे. पुढे त्यांनी या आजाराविरुद्धच्या जनजागृतीला आपला चेहरा आणि आवाज दिला. ज्या दानाने जीव वाचला, त्याच दानातून दुखणेही आले. त्यांनी दात्यांना दोष दिला नाही, इतरांना सावध केले.

पोप जॉन पॉल दुसरे यांचेही असेच झाले. १३ मे १९८१ रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, पाच तासांहून अधिक वेळ ऑपरेशन चालले. घरी परतल्यावर रक्तातून आलेल्या विषाणूमुळे त्यांना पुन्हा रुग्णालयात जावे लागले. फातिमाच्या मातेने आपल्याला वाचवले, अशी त्यांची श्रद्धा होती आणि त्यांनी ती जाहीरपणे सांगितली. पण रुग्णशय्येवरून, चारच दिवसांनी, त्यांनी आपल्यावर गोळी झाडणाऱ्याला क्षमा केल्याचेही सांगितले. २७ डिसेंबर १९८३ ला ते तुरुंगात जाऊन त्याच्याजवळ बसले. आपल्याला मिळालेला वेळ त्यांनी असा वापरला.

आपल्याला एवढे मोठे काही करायचे नाही. लहान गोष्टी पुष्कळ आहेत. बरे होऊन आलेल्या माणसाच्या घरातल्या निरोगी तरुणांनी रक्तदान करावे; सीपीआरला किंवा कोणत्याही मान्यताप्राप्त रक्तपेढीत. तुमच्या माणसाला रक्त देणारा तुम्हाला ठाऊक नाही, तुमचे रक्त कुणाला गेले तेही कळू नये, हेच त्या दानाचे सौंदर्य. ज्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे एकदा केली आहेत, त्यांनी दुसऱ्या घाबरलेल्या कुटुंबाबरोबर एक दिवस त्या खिडकीशी उभे राहावे. ज्या बाकड्यावर तुम्ही रात्री काढल्या, तिथे महिन्यातून एकदा डबा घेऊन जावे. आणि ज्या घरातले माणूस आयसीयूतून परतलेच नाही, त्या घरी जायला लाजू नये. बरे झालेली माणसे तिथे जायचे टाळतात. त्यांना वाटते, आपल्याला पाहून त्यांचे दुःख वाढेल. बहुतेकदा तसे होत नाही. त्या बाकड्यावरचे दिवस ज्याने बरोबर काढले, तोच त्यांना अधिक जवळचा वाटतो.

घरी आलेल्या रुग्णाशीही धीराने वागावे. ऑपरेशन झाले, घरी आला, आता सारे ठीक, असे आपण समजतो. पण आयसीयूतून आलेल्या कित्येकांना पुढचे काही महिने अशक्तपणा राहतो, झोप लागत नाही, रात्री यंत्रांचे आवाज ऐकू आल्यासारखे वाटते, विसर पडतो, उगाच रडू येते. ते नाटक करत नसतात आणि त्यांची श्रद्धाही कमी झालेली नसते. भेटायला जाणाऱ्यांनी थोडा वेळ बसावे, हात धुवून जावे, सर्दी-खोकला असेल तर जाऊच नये, आणि "अमक्याला असेच झाले होते, तो गेला" या कथा घरीच ठेवाव्यात.

शेवटी एक विनंती. यापुढे आजारातून उठल्याबद्दल आभाराची मिस्सा लावायला याल, तेव्हा त्या हेतूत आणखी चार शब्द घाला: 'आणि शेजारच्या खाटांवरच्या सर्वांसाठी'. नावे माहीत नसली तरी चालेल. त्यांची जात, त्यांचा धर्म, ते वाचले की गेले, काहीच लिहू नका. वेदीवरून ते शब्द वाचले जातील तेव्हा चार बाक पलीकडे बसलेल्या भगिनीलाही 'आमेन' म्हणता येईल.

आजारी असलेल्यांना प्रभू बळ देवो, दाराबाहेर बसलेल्यांना सोबत देवो, आणि गेलेल्यांना आपल्याजवळ विसावा देवो.

आपले धर्मगुरू